हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं एकच आहे का? फरक कळला तर पहिली दहा मिनिटं वाया जात नाहीत

एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, हृदय चालू राहतं. हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. दुसरा मेसेज सांगतो की खिशात सॉर्बिट्रेट ठेवा आणि छातीत दुखलं की लगेच जिभेखाली धरा. तिसरा असतो गरम पाण्यात लाल मिरचीची पूड घालून पिण्याचा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातला पहिला उपाय वेळ घालवतो, दुसरा काही वेळा जिवावर बेततो आणि तिसऱ्याला कसलाच आधार नाही.

असं का, हे समजायचं तर हृदय आतून कसं आहे ते थोडं माहीत हवं. त्यासाठी डॉक्टर व्हायला नको. १०८ च्या गाडीवरचा डॉक्टर पेशंटजवळ बसताना ज्या तीन गोष्टींचा विचार करतो, त्याच आपल्यालाही पुरतात. शेतातल्या विहिरीवरचा पंप आठवा. पाणी येत नसेल तर बिघाड कुठे असतो? एक तर पंपात, नाही तर पाइपात, नाही तर वायरिंगमध्ये. हृदयाचंही तसंच आहे.

समजा, हे कोळगावात घडलं

पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ ला तो ठाण्यातून वेगळा झाला आणि त्याचं मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावरच्या कोळगावात उभं राहिलं. २०२१ मध्ये त्या नव्या इमारतींचं उद्घाटन झालं. आता जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतली माणसं कामासाठी इथे येतात. कोणी तलासरीहून, कोणी जव्हार-मोखाड्याचे घाट उतरून.

समजा, मोखाड्याहून एक काका वनपट्ट्याच्या दाव्याचं काय झालं ते विचारायला पुतण्यासोबत आलेत. वय पंचावन्नच्या आसपास. पहाटे निघालेत, पोटात फक्त चहा. दुपारी पायऱ्या चढताना छाती भरून आल्यासारखं वाटतं आणि ते तिथेच बसतात. अंगाला दरदरून घाम. पुतण्या विचारतो, "काका, काय होतंय?" काका म्हणतात, "काही नाही रे, पित्त झालंय."

इथून पुढे दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि दोन्हींवर करायचं कामही वेगळं आहे. आपण गल्लत करतो ती इथेच.

पंप: हृदय नक्की कुठे असतं?

पहिला गैरसमज जागेचा. हृदय डावीकडे असतं असं आपण सहज म्हणतो. खरं तर ते छातीच्या जवळपास मधोमध, पुढच्या चपट्या हाडाच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे असतं. त्याचं टोक तेवढं डावीकडे झुकलेलं असतं, म्हणून ठोका डावीकडे लागतो. मूठभर आकार, वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम. ही जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आत चार कप्पे आहेत. वरचे दोन रक्त गोळा करतात, त्यांना कर्णिका म्हणतात. खालचे दोन रक्त ढकलतात, त्यांना जवनिका म्हणतात. उजवी बाजू शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांत पाठवते. डावी बाजू फुप्फुसांतून आलेलं, ऑक्सिजन भरलेलं रक्त डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे पाठवते. म्हणजे हे एक नसून दोन पंप आहेत, एकमेकांना चिकटलेले. फुप्फुसं शेजारीच असल्याने उजव्या जवनिकेची भिंत पातळ असते. डाव्या जवनिकेला सगळं शरीर सांभाळायचं असतं, म्हणून तिची भिंत कितीतरी जाड असते. रक्त उलटं फिरू नये म्हणून चार झडपा असतात.

एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७०-७२ ठोके धरले तर झालं पाच लिटर. दिवसाला सुमारे एक लाख ठोके.

पाइप: हार्ट अटॅक म्हणजे काय?

हृदयातून दिवसभर रक्त वाहत असतं, पण त्याचा जाड स्नायू त्या आतल्या रक्तावर जगत नाही. त्याला स्वतःचा वेगळा पुरवठा लागतो. महाधमनी जिथे सुरू होते तिथूनच दोन बारीक रक्तवाहिन्या निघतात आणि हृदयावर वेलीसारख्या पसरतात. या कोरोनरी रक्तवाहिन्या. डावी लगेच दोन फांद्यांत फुटते. एक फांदी हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देते, दुसरी बाजूने मागे वळते. उजवी रक्तवाहिनी उजव्या जवनिकेला आणि बहुतेक लोकांत हृदयाच्या खालच्या भागाला रक्त पुरवते.

या वाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. तंबाखू, विडी, मधुमेह, वाढलेलं ब्लडप्रेशर यांनी तो वाढतो. एक दिवस त्या थराला तडा जातो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. त्यापुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. हा हार्ट अटॅक.

या वेळी हृदय चालू असतं. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, नाव सांगतो, कधी चालतोही. पण आत अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू कायमचा मरायला सुरुवात होते. हा मार आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे काही तासांत पसरत जातो. वाट जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. पायरीवर बसलेल्या काकांच्या छातीत आत्ता हेच चाललेलं असू शकतं.

मग दुखतं हातात, जबड्यात आणि पोटात का?

हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, त्याच भागात छाती आणि हात यांच्याही नसा येतात. मेंदूला रोजची सवय कातडी आणि हातापायांकडून खबर येण्याची. हृदयाकडून खबर आली की त्याचा गोंधळ होतो आणि दुखणं डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणवतं. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि त्याच्या खालीच जठर. म्हणून हार्ट अटॅक कित्येकदा पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ, उलटी असा येतो. मग पित्ताची गोळी, सोडा, ओवा यात तास-दोन तास निघून जातात.

बायका, मधुमेही आणि वयस्कर माणसं यांच्यात तर कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखं होतं. म्हणून सोपा नियम असा: दडपल्यासारखं वाटणं पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही, किंवा सोबत घाम, दम, मळमळ असेल, तर ते हृदयाचं आहे असं धरूनच चालायचं. नंतर ईसीजीत पित्तच निघालं तर उत्तम.

अशा वेळी काकांना चालवू नका, जिने चढायला लावू नका. आरामात टेकून बसवा, शर्टाची बटणं सैल करा आणि १०८ ला फोन लावा. ठिकाण सांगताना नुसतं "पालघर" म्हणू नका. "कोळगाव, जिल्हाधिकारी कार्यालय, अमुक गेट" असं सांगा आणि एका माणसाला गेटवर उभं करा. फोनवरचा डॉक्टर ॲस्पिरिन चघळून खायला सांगू शकतो. ती गुठळी वाढू देत नाही. पण ॲलर्जी असेल, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव असेल तर ती चालत नाही, म्हणून विचारूनच द्यायची.

वायरिंग: हृदय बंद पडतं म्हणजे काय?

आता दुसरी शक्यता. फोन चालू असतानाच काका बसल्या जागी कलंडतात. हाक मारली, खांदे हलवले, उत्तर नाही.

हृदयाला ठोका द्यायला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. उजव्या कर्णिकेच्या वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो स्वतःहून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची सूक्ष्म लहर सोडतो. लहर आधी वरच्या कप्प्यांत पसरते. मग मध्यावरच्या दुसऱ्या पुंजक्यापाशी क्षणभर अडते. वरून रक्त खाली यायला तेवढा वेळ मिळावा म्हणून ही अडवणूक. तिथून खास तंतूंवरून ती जवनिकांत धावते आणि सगळा स्नायू एका लयीत आकसतो.

रक्त न मिळालेला स्नायू ही लय बिघडवू शकतो. मग जवनिकेचा प्रत्येक धागा आपापल्या मर्जीने थरथरू लागतो. वीज असते, हालचाल असते, पण रक्त पुढे जात नाही. या थरथरीला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदयक्रिया अचानक बंद पडते, म्हणजेच कार्डिअ‍ॅक अरेस्ट होतो, त्याचं हे मोठं कारण आहे. हार्ट अटॅक हा पाइपचा बिघाड, कार्डिअ‍ॅक अरेस्ट हा ठोकाच थांबण्याचा. पहिल्यातून दुसरा होऊ शकतो, तोही काही सेकंदांत.

तारापूर एमआयडीसीच्या परिसरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विजेचा धक्का बसला तरी हृदय असंच थरथरू शकतं, अगदी तरुण कामगाराचंही. तिथे आधी मेन स्विच बंद करायचा, मगच माणसाला हात लावायचा.

दोन फसव्या खुणा

हृदय थांबल्यावर मेंदूचं रक्त थांबतं आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. याच वेळी काही जणांचे हातपाय क्षणभर झटके देतात. बघणारे म्हणतात, "फिट आली," आणि कांदा किंवा चप्पल नाकाशी धरतात. दुसरी खूण म्हणजे आचके. तोंड उघडून अधूनमधून घरघर करत घेतलेला श्वास. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे, आणि तो थांबून राहतो. आचके म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबल्यानंतर मेंदूच्या तळाकडून येणारी ती शेवटची हालचाल असते.

म्हणून नियम एकच: शुद्ध नाही आणि नेहमीसारखा श्वास नाही, तर छाती दाबायला सुरुवात. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला ती धड सापडत नाही.

छाती दाबल्याने नेमकं काय होतं?

आता सुरुवातीची जागा आठवा. हृदय छातीच्या हाडाच्या आणि पाठीच्या कण्याच्या मध्ये आहे. वरून दाबलं की छातीतला दाब वाढतो, हृदय मध्ये चेपलं जातं आणि रक्त बाहेर पडतं. झडपा असल्यामुळे ते पुढेच जातं. म्हणून हात डावीकडे ठेवायचे नाहीत. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. माणूस जमिनीवरच हवा, कारण खाटेवर किंवा गादीवर दाबलं तर गादीच दबते.

दाबण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं आहे. हृदयाच्या स्नायूला कोरोनरी वाहिन्यांतून रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. आकसलेल्या स्नायूत त्याच्या स्वतःच्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तिच्यावर भार टाकून रेलायचं नाही. मध्ये थांबलात की साचलेला दाब लगेच उतरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन मिनिटांत माणूस दमतो, म्हणून आळीपाळीने दाबा. पुतण्या, शिपाई, रांगेतला कोणीही.

उत्तम दाबलं तरी नेहमीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढंच रक्त फिरतं. पण तेवढंही मेंदूला मोलाचं असतं. काहीच केलं नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. बरगडी मोडण्याची भीती वाटते आणि कधी ती मोडतेही. बरगडी नंतर जुळून येते.

तोंडाने श्वास देता येत नसेल तर? इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य लोकांसाठी ठरवलेली पद्धत नुसती छाती दाबण्याचीच आहे. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो. केळव्याच्या किनाऱ्यावर बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हृदय थांबतं तेच ऑक्सिजन संपल्यामुळे, म्हणून श्वास द्यायला शिकलेलं कोणी असेल तर त्याने तो जरूर द्यावा.

शॉकचं मशीन काय करतं?

सिनेमात मॉनिटरवर सरळ रेष आली की शॉक देतात आणि हिरो उठून बसतो. प्रत्यक्षात सरळ रेषेवर शॉक देत नाहीत. शॉक बंद हृदय सुरू करत नाही. तो थरथरणारं हृदय क्षणभर शांत करतो, म्हणजे तो नेहमीचा पुंजका पुन्हा ताबा घेऊ शकेल. वर्गात गोंधळ चालू असताना मास्तरांनी टेबलावर छडी आपटावी, तसं.

एईडी नावाचं छोटं मशीन हे काम सामान्य माणसाकडूनही करून घेतं. ते बोलून सूचना देतं आणि लय स्वतः तपासून गरज असेल तरच शॉक देतं. त्याचा एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर लावतात, म्हणजे हृदय दोघांच्या बरोबर मध्ये येतं. छाती घामाने भिजलेली असेल तर आधी पुसायची. थरथर सुरू झाल्यानंतर काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिलं तर ही घट बरीच मंदावते. तुमच्या कंपनीत, सोसायटीत, स्टेशनवर एईडी आहे का आणि कुठल्या भिंतीवर आहे, हे आजच विचारून ठेवा.

गाडी आली, डॉक्टर आधी काय बघतो?

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्या अधिक साधनांच्या होत्या. इथल्या सेवेचं वैशिष्ट्य म्हणजे गाडीवर डॉक्टर असतो.

शुद्धीवर असलेल्या पेशंटसाठी पहिली तपासणी ईसीजी. त्याच्या बारा रेषा म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणं. कुठल्या रेषा उचलल्या गेल्यात त्यावरून कुठला पाइप तुंबलाय याचा अंदाज येतो.

वाट मोकळी करायचे दोन मार्ग आहेत. एक, कॅथ लॅबमध्ये अँजिओप्लास्टी. दुसरा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. अँजिओप्लास्टी अधिक चांगली, पण निदानानंतर दोन तासांत होणार असेल तर. तसं जमणार नसेल तर इंजेक्शन लगेच द्यायचं आणि मग पुढे न्यायचं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो, पण पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक.

आता हे पालघरच्या नकाशावर ठेवून बघा. मुंबई शंभरेक किलोमीटर. मनोरला मस्तान नाक्यावर महामार्ग गाठायचा आणि पुढे वसई-घोडबंदरची कोंडी. "थेट मुंबईलाच नेऊ" म्हणून खासगी गाडीत टाकलेल्या पेशंटचे हे तास रस्त्यातच जातात, आणि वाटेत हृदय थरथरू लागलं तर मागच्या सीटवर छाती दाबताही येत नाही. म्हणून आधी जवळचं असं रुग्णालय गाठा जिथे ईसीजी आणि इंजेक्शनची सोय आहे. पुढे कुठे न्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील.

मग त्या मेसेजेसचं काय?

खोकण्याची गोष्ट कॅथ लॅबमधून आलेली आहे. तिथे मॉनिटर लावलेल्या पेशंटची लय समोर बिघडताना दिसली तर डॉक्टर त्याला काही क्षण खोकायला सांगू शकतात. घरी मात्र तुम्ही खोकू शकताय म्हणजे हृदय चालूच आहे, आणि ते थांबलं तर खोकायला शुद्ध राहणार नाही. त्या वेळात १०८ लावा, दार उघडं ठेवा आणि शेजाऱ्याला हाक मारा.

सॉर्बिट्रेट शिरा सैल करते, त्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. एरवी याने आराम पडतो. पण उजवी रक्तवाहिनी तुंबून उजव्या जवनिकेला मार बसला असेल, तर ती बाजू परत येणाऱ्या रक्ताच्या जोरावरच तग धरून असते. तोच जोर काढून घेतला की ब्लडप्रेशर धाडकन कोसळतं. आधीच प्रेशर कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल तरी तेच. म्हणून ज्याला त्याच्या डॉक्टरने ही गोळी लिहून दिली आहे त्यानेच ती सांगितल्याप्रमाणे घ्यावी. दुसऱ्याच्या खिशातली काकांना देऊ नये.

एवढं लक्षात ठेवा

• शुद्ध आहे, छाती दडपतेय, घाम येतोय: बसवा, चालवू नका, १०८ लावा, जवळच्या रुग्णालयात ईसीजी.

• शुद्ध नाही, नीट श्वास नाही किंवा आचके आहेत: जमिनीवर झोपवा, १०८ लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा, छातीच्या मधोमध दाबा, एईडी मागवा. गाडी येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबू नका.

• दोन्ही वेळी पाणी, सोडा, कांदा यातलं काहीही तोंडाशी किंवा नाकाशी नेऊ नका.

खोकण्याचा तो मेसेज पुन्हा ग्रुपवर आला, तर त्याच्याखाली या तीन ओळी टाका.